चर्चमध्ये पुढे उभं राहून बोलायचंय? मग आधी वाचन मागून घ्या

चर्चमध्ये बोलायला शिकायचंय म्हटलं की लोक डायरेक्ट संदेशाकडे जातात, पहिल्याच फटक्यात वीस मिनिटांचं प्रवचन, आणि मग घाम फुटतो. माझं मत विचाराल तर आधी पाळकांकडे (म्हणजे पास्टरांकडे) जाऊन शास्त्रवाचन, म्हणजे उपासनेत बायबलचा भाग मोठ्याने वाचायचं काम, मागून घ्या. शब्द तुमचे नसतात, त्यामुळे काय बोलू याचं टेन्शन नाही, सगळं लक्ष आवाज, वेग आणि श्वासावर देता येतं. आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी वाचन इतकं उरकून टाकतात की नीट वाचणारा माणूस पहिल्याच रविवारी लोकांच्या लक्षात येतो.

वाचनाची तयारी आदल्या दिवशी करा, आणि मोठ्याने, उभं राहून. मनातल्या मनात वाचलं की सगळं सोपं वाटतं, जीभ कुठे अडते ते तोंड उघडल्यावरच कळतं. तुमच्या वाट्याला दहा ओव्या (बायबलमधली वचनं) असल्या तरी पूर्ण अध्याय वाचा म्हणजे कोण कोणाला बोलतोय, रागाने की समजुतीने, ते कळेल. मग पेन्सिलने श्वासाच्या जागा खुणा करून ठेवा. नव्या करारातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत तर हे पाहिजेच, इफिसकरांस पत्र 1:3 ते 14 हे मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य धरतात, भाषांतरात तोडलं तरी लांबच राहतं, तिथे दम कुठे घ्यायचा हे ठरवलं नसेल तर मध्येच भलत्या शब्दावर अडकता आणि अर्थ जातो. नावांचा बाऊ करू नका. लूक 3 मधली वंशावळ किंवा रोमकरांस पत्र 16 मधली यादी आली तर प्रत्येक नावाचा एक उच्चार आधी पक्का करा आणि ठामपणे म्हणून पुढे जा. अडखळून हसणं, "सॉरी" म्हणणं, यानेच लोकांचं लक्ष जातं, नाहीतर कोणी वही घेऊन उच्चार तपासत बसलेलं नसतं.

अध्याय आणि ओवी दोनदा सांगा, मग पानं उलटायचा आवाज थांबेपर्यंत थांबा (मोबाइलवर शोधणाऱ्यांना जरा जास्तच वेळ लागतो). हे थांबणं सुरुवातीला फार लांब वाटतं, समोरच्यांना अजिबात वाटत नाही. आवाज बदलून नाटक करायची गरज नाही, संवाद सुरू व्हायच्या आधी छोटासा पॉज घेतला की पुरतं. बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकात 8 व्या अध्यायात एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि 8 व्या ओवीत म्हटलंय की त्यांनी स्पष्ट वाचलं आणि लोकांना समजेल असा अर्थ सांगितला. वाचणाऱ्याचं काम तेवढंच आहे, पण ते पूर्ण व्हायला पाहिजे.

आता एक गोष्ट जी मराठीत बोलणाऱ्यांनी खास सांभाळायची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि "नाही" तर अगदीच शेवटी. दम संपत आला की आवाज नेमका तिथेच खाली बसतो. "देव तुम्हाला सोडणार नाही" यातला "नाही" गिळला गेला तर मागच्या बाकावर काय पोचलं विचार करा! उंच छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, तिथे हे आणखी होतं. म्हणून वाक्याच्या शेवटापर्यंत हवा शिल्लक ठेवा, वेग कमी करा, आणि रिकाम्या चर्चमध्ये एकाला शेवटच्या बाकावर बसवून प्रॅक्टिस करा, वाक्याचे शेवटचे शब्द ऐकू येतात का, एवढंच त्याला विचारा.

माइकचं थोडक्यात. तोंडापासून वीतभरापेक्षा जरा कमी अंतर, उपासना सुरू व्हायच्या आधीच उंची सेट करून घ्या, टकटक करू नका, फुंकर मारू नका. प, फ, भ यांचा फटका बसत असेल तर माइक किंचित बाजूला वळवा. मान फिरवून बोलाल तर आवाज गायब होतो, बघायचं असेल तर नजर फिरवा.

भीतीबद्दल लोक सारखं विचारतात. मोशे निर्गम 4:10 मध्ये सरळ म्हणतो की मला बोलता येत नाही, यिर्मया म्हणतो मी लहान आहे, पौल करिंथकरांना लिहितो की मी तुमच्याकडे भीत आणि कापत आलो. तेव्हा भीती वाटते म्हणजे आपला विश्वास कमी, असलं काही मनात आणू नका. शरीर अॅड्रेनलिन सोडतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हात कापतात, बस. उठायच्या आधी दोन घोट पाणी प्या, श्वास घेता त्यापेक्षा सावकाश सोडा, आणि पहिली दोन वाक्यं पाठ ठेवा, कारण सुरुवातीलाच जास्त घाबरायला होतं. सुटा कागद हातात घेऊ नका, हात जरा कापला तरी तो फडफडतो, जाड पुठ्ठ्याला लावा किंवा स्टँडवर ठेवा.

वाचन जमलं की सार्वजनिक प्रार्थना. इथे "मी" सोडून "आम्ही" म्हणायची सवय लावा, तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलताय. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, दर चार शब्दांनी "प्रभू" किंवा "पित्या" नुसती जागा भरायला येतंय का ते लगेच कळेल. आणि कृपा करून प्रार्थनेत नोटीस वाचू नका, "हे प्रभू, तुला ठाऊकच आहे की शनिवारी पाच वाजता मीटिंग आहे" हे प्रभूला खरंच ठाऊक असतं.

साक्ष (देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं) द्यायची असेल तर पाच मिनिटांत. आधी काय होतं, मग काय घडलं, आता काय बदललंय. जुन्या पापांचं वर्णन रंगवत बसलं की तेवढंच लोकांच्या लक्षात राहतं. घरातल्या कोणाचा आजार, भांडण, कर्ज यातलं काही येणार असेल तर त्या माणसाला आधी विचारा, तो तिथेच दुसऱ्या बाकावर बसलेला असतो. आणि साक्षीचं प्रवचन करू नका, हे फार होतं.

संदेशाची पाळी आली की एकच शास्त्रभाग घ्या आणि तुम्हाला काय म्हणायचंय ते एका वाक्यात लिहा. ते वाक्य जमत नसेल तर तयारी झालेली नाही, मग उदाहरणं कितीही गोळा करा. पौल म्हणतो मंडळीत न समजणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे (1 करिंथकर 14:19), तेव्हा "नीतिमान ठरवणं", "प्रायश्चित्त" असे शब्द आले की लगेच साध्या भाषेत अर्थ सांगा, नवीन आलेला माणूस हात वर करून विचारणार नाही. पूर्ण भाषण लिहून वाचू नका, मोठ्या अक्षरात फक्त मुद्दे, आणि शेवटचं वाक्य मात्र शब्दशः लिहून ठेवा, नाहीतर "शेवटी एवढंच सांगतो" तीनदा म्हणाल. वेळ घरी घड्याळ लावून मोजा. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून पडला, प्रेषितांची कृत्ये 20 मध्ये आहे, आणि त्याला मेलेल्यातून उठवायला तिथे पौल स्वतः होता.

"मला तयारीला वेळच मिळाला नाही" अशी सुरुवात कधीच नको. उपासनेनंतर "कसं झालं?" विचारलं तर सगळे "छान" म्हणतात, त्याचा उपयोग शून्य. एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या मावशींना पकडा आणि विचारा, मी काय सांगितलं ते एका वाक्यात सांगा, आणि कुठे कंटाळा आला ते पण सांगा.