वर्गाचा ग्रुप हाती घेण्यापूर्वी: नव्या शिक्षकांसाठी

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. नागपुरात नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षण सेवकाकडे पहिल्याच आठवड्यात हजेरीपटासोबत आणखी एक जबाबदारी येते, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. बी.एड.ला पाठ टाचण शिकवतात, हे काम शिकवत नाहीत. मी माध्यमिक वर्गांना मराठी शिकवते आणि वर्गशिक्षिका म्हणून बरीच वर्षं असे ग्रुप सांभाळते आहे. माझं मत आता पक्कं झालं आहे: आपण फोनवर कसे वागतो ते मुलं बारकाईने बघतात, आणि अडचण आली तर या मॅडमकडे जायचं की नाही हे त्यावरून ठरवतात. पुढचं सगळं त्यासाठीच सांगते आहे.

ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येतील, ही सोय पहिल्या दिवशीच लावा. गृहपाठ मात्र फळ्यावर लिहा आणि वहीत उतरवून घ्या. हिंगण्याकडच्या कितीतरी घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो वडिलांसोबत एमआयडीसीच्या पाळीवर गेलेला असतो. रात्री फोन घरी येतो, तेव्हा कुठे मूल गृहपाठ बघतं आणि अर्धवट झोपेत लिहितं. चाचणीचे गुण, फी बाकी असलेल्यांची नावं, कोणाची तक्रार, यातलं काहीही ग्रुपवर टाकू नका. तो फोन घरातली मुलंही बघतात आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या नावांचं काय होतं ते तुम्हाला दिसेलच.

ॲडमिन झालो म्हणजे प्रत्येक मेसेजची जबाबदारी आपली, अशी भीती नव्या शिक्षकांना असते. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठानेच यावर निकाल दिला आहे. समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं कृत्य दिसत नसेल, तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. तरी असा मेसेज दिसला की लगेच काढा आणि त्या पालकांशी वेगळं बोला, ग्रुपवर नको.

तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी सजवून आणतात, तेव्हा फोटो काढायचा मोह होतोच. काढा, शाळेच्या नोंदीत ठेवा, पण स्वतःच्या स्टेटसला टाकू नका. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने 18 वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि पालकांची संमती हा त्याचा पाया आहे. शिवाय चेहरा कापून दुसऱ्या चित्राला चिकटवणं आता सातवीतल्या मुलालाही जमतं.

सगळ्यात जास्त तयारी लागते ती एखाद्या मुलाला किंवा मुलीला ऑनलाइन त्रास दिला जातो तेव्हा. हुशार मुलगी अचानक शाळेत येईनाशी होते, मुलं तिच्याकडे बघून कुजबुजतात, आणि चौकशी केली की कळतं, कोणीतरी तिच्या नावाने इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं आहे. अशा वेळी शाळेत सवयीने पहिला प्रश्न येतो, ‘तू फोटो टाकलाच कशाला?’ हा प्रश्न तुम्ही विचारू नका आणि तुमच्यासमोर दुसऱ्या कोणालाही विचारू देऊ नका. तो एकदा कानावर पडला की वर्गातल्या बाकीच्या मुलीही गप्प होतात. आधी तिला सांगा की बोललीस हे बरं केलंस, आणि तिच्या आईला बोलावून घ्या.

मग नोंद करा: खात्याचं नाव, लिंक, तारीख, वेळ. शिवीगाळ किंवा धमकी असेल तर स्क्रीनशॉट घ्या. पण फोटो नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल, तर पुरावा म्हणूनही तो स्वतःच्या फोनवर मागवू नका आणि मुख्याध्यापकांना पुढे पाठवू नका. मुलांचं असं चित्र बाळगणं, पसरवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ब खाली गुन्हा आहे. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याने अशा गुन्ह्याची खबर देणं बंधनकारक आहे, त्यामुळे ‘शाळेचं नाव खराब होईल, इथेच मिटवू’ असं कोणी वरिष्ठ म्हणाले तरी ऐकू नका. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते, आणि मुलांसाठी 1098 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. ‘टेक इट डाऊन’ नावाची मोफत सेवाही माहीत असू द्या. 18 वर्षांखालच्या मुलांच्या अशा फोटोचा डिजिटल ठसा तिथे तयार होतो, फोटो फोनमधून बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो शोधून काढून टाकू शकतात. 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते. तिच्यात कोण आहेत ते रुजू होताच विचारून घ्या.

दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपबद्दल थोडंच सांगते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड वर्गात स्कॅन करत बसू नका, व्हिडिओ घरून उतरवून न्या. नेट दगा देतं आणि तास वाया जातो.

एआयने लिहून घेतलेले निबंध मात्र रोज येतील. मराठी गुळगुळीत, चूक एकही नाही, आणि त्यात आपल्या गल्लीतलं काहीच नाही. मुलांवर चोरीचा आळ घेऊन काही हाती लागत नाही, प्रश्न बदलावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा मी विचारते: यंदा तुम्ही पाहिलेल्या बडग्याच्या गळ्यात कोणती पाटी होती आणि तुमच्या आजीचं त्यावर काय म्हणणं पडलं? वर्गातच, पानभर लिहायचं. अशुद्ध येतं, ‘काहून’, ‘तं’ असं घरचं वऱ्हाडी येतं, आणि वाचताना मला मूल भेटतं.

फोनबंदीचा आग्रह धरणारे सहकारी भेटतील. शाळेच्या वेळेत फोन नको, हे मलाही पटतं. युनेस्कोच्या 2023 च्या अहवालात म्हटलं आहे की एकदा लक्ष विचलित झालं की पुन्हा अभ्यासात गुंतायला काही मुलांना 20 मिनिटांपर्यंत वेळ लागतो. पण त्रास सुरू होतो रात्री, शाळेच्या बाहेर. मुलांच्या शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024 च्या ग्रामीण सर्वेक्षणात फोन वापरता येणाऱ्या 14 ते 16 वयाच्या मुलांपैकी 76 टक्क्यांनी आदल्या आठवड्यात सोशल मीडिया वापरला होता, अभ्यासासाठी फोन वापरणारे 57 टक्के होते. पालकही सांगतात, ‘फोन तं द्यावाच लागते मॅडम, ट्यूशनवाले नोट्स त्याच्यावरच टाकतात.’

म्हणून जुलैच्या पालकसभेत एकच विनंती करा: मुलाने स्वतःहून काही सांगितलं, तर त्या दिवशी फोन हिसकावून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच बहुतेक मुलं लपवतात आणि धमकावणाऱ्याला त्यामुळे फावतं. त्याच सभेत प्रत्येक आईचा नंबर वेगळा लिहून घ्या, ग्रुपवर वडिलांचा असला तरी. आईकडे स्वतःचा फोन नसेल, तर शेजारच्या ज्या बाईकडे निरोप चालेल तिचा, आईला विचारून.