‘ओमा’ म्हणजे कॅन्सरच का? इंग्रजी प्रत्यय वाचताना या चुका टाळा

मिरजेत मी नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकवते. दवाखान्यासाठी इथे जत, कवठेमहांकाळहून आणि पार कर्नाटकातूनही माणसं येतात. एकदा एस.टी.त शेजारच्या काकांनी रिपोर्ट पुढे केला. “ताई, शेवटी ओमा लिहिलंय. कॅन्सरच ना?” हात थरथरत होता त्यांचा. शब्द होता हिमॅटोमा, म्हणजे साकळलेलं रक्त.

ही चूक माणसाची झोप उडवते, म्हणून आधी तीच. ग्रीकमधला हा प्रत्यय मुळात नुसती नामं बनवायचा. गाठीसाठी तो वैद्यकात पुढे रूढ झाला. कार्सिनोमा हा कॅन्सरच. पण लायपोमा ही चरबीची साधी गाठ. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू, ट्रॅकोमा म्हणजे खुपऱ्या. त्यांत गाठीचा संबंधच नाही. शेपूट बघून घाबरू नका. अख्खा शब्द वाचा आणि डॉक्टरांना विचारा.

दुसरी चूक माझ्या विद्यार्थिनींची. कोलेक्टमी आणि कोलोस्टमी त्या एकच समजतात. ग्रीक ‘टोमे’ म्हणजे काप, ‘एक’ म्हणजे बाहेर. म्हणून एक्टमी म्हणजे कापून काढणं. ‘स्टोमा’ म्हणजे तोंड. म्हणून ऑस्टमी म्हणजे नवं तोंड करणं. पहिल्यात मोठं आतडं किंवा त्याचा भाग काढतात, दुसऱ्यात आतड्याचं तोंड पोटावर आणतात. गोंधळ होत असेल तर ऑस्टमीतल्या ‘स’खाली लाल रेघ मारा: स स्टोमाचा. वहीतली ही चूक वॉर्डात चालणार नाही, हे मी रोज सांगते.

दुखलं की ‘आयटिस’ जोडायचीही सवय असते. आयटिस म्हणजे दाह. नुसत्या दुखण्याला आल्जिया. न्यूरायटिस हा नसेचा दाह, न्यूराल्जिया हे नसेचं दुखणं. गंमत अशी, की ग्रीकमध्ये आयटिसचा अर्थ फक्त ‘-ची’ एवढाच होता. आर्थ्रायटिस म्हणजे ‘सांध्याची’. पुढचा ‘व्याधी’ हा शब्द गळाला. तो ग्रीकमध्येही आपल्यासारखाच स्त्रीलिंगी, म्हणून प्रत्ययही स्त्रीलिंगी.

आणि ग्रीक प्रत्ययाआधी ग्रीकच शब्द शोधत बसू नका. व्हॅसेक्टमीतला ‘व्हास’ लॅटिन, टॉन्सिलायटिसमधला टॉन्सिलही लॅटिनच. आपल्या ‘पाणीदार’मध्ये तरी पाणी आपलं आणि दार फारसीच आहे की.