महायुद्धावर प्रोजेक्ट करताय? विषय आधी छोटा करा

'दुसरे महायुद्ध' हा प्रोजेक्टचा विषय नव्हे, ते अख्खं कपाट आहे. हिटलरचा फोटो, नकाशा, हिरोशिमाचा ढग, एवढ्यात वीस पानं भरतात आणि वर्गातल्या निम्म्या फायली सारख्याच निघतात. त्यापेक्षा एक प्रश्न निवडा, तोही जिथे स्वतः जाऊन बघता येईल असा.

पुण्यात राहून हे सोपं आहे. खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत एक सकाळ काढा. दगडांवर नाव, हुद्दा, पलटण, तारीख असते, बऱ्याच ठिकाणी वयही. पंचवीसेक दगडांची नोंद वहीत करा आणि वयांचा साधा तक्ता मांडा. प्रश्न आपोआप सुचतात: लढाई तर इथे झाली नव्हती, मग ही माणसं पुण्यात कशी? नावांच्या नोंदी ऑनलाइन मोफत शोधता येतात, त्यामुळे पडताळणीही होते.

मराठी माणूसच हवा असेल तर नामदेव जाधव घ्या: ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी, व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान).

महायुद्धाचीच अट नसेल तर ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई बघा. समोर इंग्रज, पेशव्यांचा सेनापती बापू गोखले मैदानात, पेशवा दुसरा बाजीराव पर्वतीवर. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. या बारा दिवसांवरच अख्खा प्रोजेक्ट होतो, आणि पर्वती चढून अंतराचा अंदाजही घेता येतो.

पानिपत मात्र शक्यतो टाळा. विषय उत्तम, पण दर वर्षी चार जण तोच घेतात. थर्माकोलचं मॉडेल तर नकोच, रिक्षात मोडतं.