नऊवारीवर वेणीचा अंबाडा घालताना

लग्नसराईत नऊवारीवर दिसणारे बरेचसे अंबाडे स्पंजच्या कड्यावर केस पसरून केलेले असतात, आणि बसलेले असतात टाळूपाशी. चित्रकार म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी रंगवलेल्या मराठी बायका पाहा. तिथे अंबाडा खाली, मानेलगत असतो. पदर, मान आणि अंबाडा एका ओळीत आले की नऊवारीला जो डौल येतो, तो मला फार प्रिय आहे. म्हणून हा अंबाडा वेणीचाच घालावा असा माझा आग्रह.

केस आदल्या दिवशी धुवावेत. त्याच दिवशी धुतलेले केस सुळसुळीत असतात, आकडे (केसांत खोचायच्या दुटोकी पिना) धरत नाहीत. सकाळी खोबरेलाचे चार-पाच थेंब तळहातावर चोळून केसांवरून हात फिरवा आणि मधोमध सरळ भांग पाडा.

सगळे केस मानेच्या खळगीच्या दोन बोटे वर काळ्या लोकरीने बांधा. रबर टोचते, आणि सोडताना केस तोडते. बांधताना हनुवटी किंचित वर ठेवा, म्हणजे मागचे केस नंतर सैल पडून लोंबत नाहीत.

आता तिपेडी वेणी. केस खांद्यापर्यंतच असतील तर गंगावन, म्हणजे वेणीत मिसळायचे वेगळे केस, घ्या. (पूर्वी ते वनगाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांचे असे.) त्याचे तीन पदर असतात, आपल्या केसांचेही तीन भाग करून प्रत्येक पेडात एकेक पदर मिसळा. गंगावन नुसते टोकाला बांधले तर जोड उघडा पडतो. वेणी मुळाशी घट्ट, पुढे जराशी सैल ठेवा. पूर्ण झाल्यावर पेडांच्या कडा बोटांनी हलकेच ओढल्या की वेणी रुंद आणि चपटी होते. अंबाडा भरगच्च दिसतो तो यामुळे.

खरे कसब पुढे आहे. वेणी मुळाभोवती गुंडाळताना प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या बाहेरून, डोक्याला चिकटून जायला हवा. फेऱ्यावर फेरा चढला की अंबाडा शंकूसारखा पुढे येतो आणि त्याच्याच वजनाने लोंबतो. दर फेऱ्याला दोन-तीन आकडे लावा. आकडा सरळ आत खुपसू नका: वेणीच्या कडेचे थोडे केस त्यात धरा, टोके डोक्याला टेकवा, मग आकडा अंबाड्याच्या मध्याकडे कलता करून खाली सरकवा. वेणीचे आणि डोक्याचे केस असे एकमेकांत अडकले की अंबाडा हलत नाही. वेणीचे टोक शेवटच्या फेऱ्याखाली दडवा. मान जोरात हलवून पाहा. जिथे सैल वाटेल तिथेच आणखी एक आकडा.

अग्रफूल असेल तर ते मधोमध, त्याचा काटा वेणीच्या मुळापर्यंत जाईल असे खोचा. सोन्याचा दागिना वरवर अडकवू नये.

गजरा अंबाड्याच्या खालच्या बाजूने चंद्रकोरीसारखा माळा. मोगऱ्याला वास आहे, पण दिवसभराच्या कार्यात तो लवकर मलूल होतो. गोव्यात आणि कोकणात बायका अबोली माळतात. तिला वास नसला तरी रंग टिकतो. बकुळीचा गजरा मिळाला तर दुसरे काही शोधू नका. रात्री आकडे काढून वेणी सोडलीत, तरी गजरा तेवढा फणीशेजारी ठेवा. तो सुकतो, वास राहतो.