शिमानामी काइदो एकटीने सायकलवर करताय? मग या चुका टाळा

शिमानामी काइदो म्हणजे जपानमधला, बेटांवरून आणि पुलांवरून जाणारा सत्तर किलोमीटरचा सायकलचा रस्ता. सत्तर किलोमीटर म्हणजे काय, पुणे-लोणावळा, मिसळ खायला जातोच की आपण, असं म्हणून मी नोव्हेंबरच्या शेवटी ओसाकाहून एकटीच निघाले आणि संध्याकाळी सव्वापाचला ओशिमा बेटावरच्या एका चढावर दाटत चाललेल्या काळोखात सायकल ढकलत होते. तेव्हा पहिली आणि सगळ्यात मोठी चूक आधी सांगते: इथे किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

रस्ता हिरोशिमाकडच्या ओनोमिचीपासून शिकोकू या मोठ्या बेटावरच्या इमाबारीपर्यंत जातो, मध्ये सहा बेटं आणि त्यांना जोडणारे पूल. सलग मारलं तर चार-पाच तासांत होईलही, पण सलग कोण मारतंय? दर वळणावर समुद्र दिसतो, फोटो काढायला उतरावंसं वाटतं, सेतोदाला लिंबाचं आइस्क्रीम खायचं असतं (सेतोदा ज्या बेटावर आहे ते इकुचिजिमा म्हणजे जपानचं लिंबाचं बेट, बागाच बागा), आणि तातारा पुलाच्या खांबाखाली लाकडी पट्ट्या टांगून ठेवल्यात, त्या आपटल्या की आवाज खांबावर आपटत वर वर घुमत जातो, मी तिथे लहान पोरासारखी दहा मिनिटं टाळ कुटल्यासारखं करत बसले. अशी दहा-दहा मिनिटं करत दिवस संपतो. नोव्हेंबरअखेर तिकडे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि भाड्याच्या सायकली परत घेणारी काउंटरंही बहुतेक त्याच सुमारास बंद होतात. माझंही तेच झालं, सायकल रात्रभर हॉटेलबाहेर आणि दुसऱ्या दिवसाचं भाडं वर. म्हणून सरळ दोन दिवस ठेवा, मुक्काम सेतोदा किंवा त्याच्या पुढच्या ओमिशिमा बेटावर. एका दिवसातच करायचं असेल तर सकाळी सातला पायडल फिरलंच पाहिजे.

दुसरी चूक तिकिटाची. शिन-ओनोमिची नावाचं शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) स्टेशन बघून लोक खूश होतात आणि तेच बुक करतात. तिथे बहुतेक वेळा फक्त कोदामा, म्हणजे सगळीकडे थांबणारी गाडी थांबते आणि बंदर काही किलोमीटर लांब. त्यापेक्षा फुकुयामाला उतरा आणि लोकलने वीसेक मिनिटांत ओनोमिची, स्टेशनातून बाहेर पडलं की समोर पाणी. पहिल्या बेटावर जायला पुलाच्या नादी लागू नका, तो अरुंद आहे आणि गाड्या अंगावर येतात, पाच मिनिटांच्या फेरीबोटीने सायकलसकट पलीकडे जा.

आता सायकल. मला वाटलं इलेक्ट्रिक घेऊ, चढ सोपे जातील. पण इलेक्ट्रिकवाल्या बऱ्याचदा जिथून घेतल्या तिथेच परत द्याव्या लागतात, म्हणजे इमाबारीला सोडून देता येत नाही. बुक करताना "दुसरीकडे सोडली तर चालेल का" हे आधी विचारा. मी साधी गिअरची घेतली आणि सीट होती तशीच खाली ठेवून निघाले, दुसऱ्या बेटापर्यंत गुडघे बोलायला लागले. सीटवर बसून टाच सगळ्यात खाली आलेल्या पायडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, काउंटरवरच करून घ्या, ते लोक हसतमुखाने पाना काढतात. पुलावर चढणारे रस्ते साधारण तीन टक्के चढाचे, नागमोडी, फार कठीण नाहीत, पण गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा, अर्ध्यात कराल तर चेन कुरकुरणार. खरा दम निघतो तो शेवटच्या ओशिमा बेटावर, तिथे दोन खिंडी आहेत आणि तोपर्यंत पायात काही उरलेलं नसतं.

रस्ता चुकायचं कारण नाही कारण रस्त्याच्या कडेला निळी रेघ आखलीये, मध्ये मध्ये ओनोमिची-इमाबारी किती किलोमीटर तेही रंगवलंय. तरी मी चुकले, कारण मोबाईल बघत होते. पूल जवळ आला की सायकलचा रस्ता गाड्यांच्या रस्त्यापासून वेगळा फुटतो (इन्नोशिमा पुलावर तर आपण गाड्यांच्या खालच्या मजल्यावरून जाळीतून जातो, वर धडधड चालू असते) आणि तो फाटा सोडलात तर गाड्यांच्या मागे टोलनाक्याच्या दिशेला जाल, तिथे सायकलला बंदी. आणि चालवताना मोबाईल हातात धरणं आता नुसतं धोक्याचं नाही, नोव्हेंबर 2024 पासून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड आहे. थांबा, उतरा, मग बघा. बाकी वाहतूक आपल्यासारखी डावीकडूनच, ते एक बरं.

शाकाहारी असाल तर हा परिच्छेद नीट वाचा. उदोनच्या (जाड शेवयांच्या) गरम रश्श्यात भाजी दिसते, मासा दिसत नाही, पण तो रस्साच माशाच्या कातळ्या उकळून केलेला असतो. लहान हॉटेलं दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद करतात, एखाद्या बुधवारी तर गावच झोपलेलं वाटतं, आणि कोनबिनी, म्हणजे खाण्यापिण्याची छोटी दुकानं, बेटांवर शहरासारखी कोपऱ्याकोपऱ्यावर नसतात. ओनोमिचीतूनच उमेबोशीवाल्या (खारवलेलं आंबट फळ घातलेल्या) ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन ठेवा. मी घरून गुळाच्या दशम्या नेल्या होत्या, त्यांनी वाचवलं. कचऱ्याचा डबा कुठेच मिळत नाही, एक पिशवी जवळ ठेवा. सुटी नाणीही.

सामानाचं एक राहिलं. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन निघू नका. ताकुहाइबिनने, म्हणजे तिकडच्या कुरियरने, पुढच्या हॉटेलला पाठवता येतं, पण ते साधारण दुसऱ्या दिवशी पोचतं, त्याच संध्याकाळी नाही. मी सकाळी दिली आणि इमाबारीला पोचून रिसेप्शनवर बॅग मागितली, त्या बाईंनी तीनदा वाकून माफी मागितली, चूक माझी असून, आणि मी घामाच्या त्याच टीशर्टमध्ये झोपले.

पंक्चर झालं तर घाबरू नका, सायकल घेऊन जाणाऱ्या टॅक्सी मिळतात, आणि ओनोमिची-सेतोदा बोटीतही सायकल चढते. पण सोबत ट्यूब नेणार असाल तर व्हॉल्व बघून घ्या. साध्या जपानी सायकलला आपल्या जुन्या सायकलींसारखाच व्हॉल्व असतो, रोडबाइकला बारीक फ्रेंच, आणि एकाचा पंप दुसऱ्याला लागेलच असं नाही.

एप्रिलमध्ये परत गेले, या वेळी दोन दिवस काढून. ओशिमा आणि इमाबारीमधले कुरुशिमाचे पूल, एकाला एक जोडलेले तीन, चार किलोमीटर, नोव्हेंबरात अंधारात पार केले होते तेव्हा खाली नुसता पाण्याचा आवाज येत होता. या वेळी दुपारी एक वाजता कठड्याला सायकल टेकवून खाली बघितलं. प्रवाह असा खेचत होता की एक मालवाहू बोट इंजिन लावून जागच्या जागीच उभी असल्यासारखी वाटत होती. शेवटची दशमी तिथेच खाल्ली.