जुनं मिलिंग मशीन घरी आणण्याआधीची तयारी

मशीन बघायला जायच्या आधी घरच बघून घ्या, दरवाजाची रुंदी, छताची उंची आणि फरशीखाली काँक्रीट आहे का, कारण ब्रिजपोर्ट टाईपचं मिलिंग, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं उभं मशीन, जवळपास टनभर भरतं. बॅगेत डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण), ते धरायला मॅग्नेटिक स्टँड, टॉर्च, भरपूर चिंध्या. मशीन चालू करून बघणार हे मालकाला फोनवरच सांगून ठेवा.

तिथे गेल्यावर नव्या रंगाकडे बघू नका, स्लाईड बघा, म्हणजे टेबल ज्यावर सरकतं ते घासून सपाट केलेले पृष्ठभाग. मोटर, बेल्ट, बेअरिंग सगळं बदलता येतं हो, पण झिजलेली स्लाईड परत सरळ करणं हे मोठं आणि महागडं काम. टेबल मधोमध आणा, तिथे हँडल बेताचं घट्ट फिरेल एवढी गिब (स्लाईडमधली फट कमी-जास्त करणारी पट्टी) कसा आणि मग टेबल टोकापर्यंत न्या, टोकाला जाम व्हायला लागलं तर मधला भाग खाल्लेला आहे, कारण कामं सगळी मधेच होतात. लीड स्क्रूचा, म्हणजे टेबल सरकवणाऱ्या स्क्रूचा, प्ले (ढिलेपणा) थोडाफार असणारच, त्याला घाबरू नका, नट बदलता येतो. स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या दांड्याच्या) टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, आतून डायल लावून हाताने फिरवा, काटा ०.०१ मिमीच्या आसपासच हलत असेल तर छानच, मग जोरात पळवून आवाज ऐका आणि टेपर आर८ आहे का आयएसओ ३० तेही विचारा, कॉलेटचा (कटर पकडणाऱ्या नळीचा) खर्च त्यावर ठरतो. व्हाईस, कॉलेट, क्लॅम्प यांचे पैसे आधीच बाजूला काढा, हा खर्च मशीनच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

आणताना नी (टेबल वर-खाली करणारा भाग) खाली, टेबल मधे, हेड (मोटर आणि स्पिंडलचा वरचा भाग) उलटं फिरवून खाली, म्हणजे वजन खाली राहतं. पट्टे हँडलवर किंवा लीड स्क्रूवर दाबू देऊ नका.

घरी थ्री फेज नसेल तर व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेजवरून थ्री फेज बनवणारा ड्राइव्ह, लागेल, पण आधी मोटरची प्लेट वाचा, सिंगल फेजवाल्या साध्या व्हीएफडीतून २३० व्होल्टच निघतात, मोटर डेल्टामध्ये (मोटरच्या तारा जोडायची एक पद्धत) २३० वर चालणारी हवी. व्हीएफडीतून वायर सरळ मोटरला, मधे जुना स्विच नको, आणि अर्थिंग पक्कं.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो. रॉकेल, ब्रश आणि चिंध्या पुरतात, स्लाईडवर वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर अजिबात नाही, खाचेची उठलेली कड फक्त ऑइल स्टोनने हलकेच उतरवा. सगळ्यात जास्त वेळ तेलाच्या नळ्यांना द्या, बऱ्याच मशीनला कोणीतरी तेलाच्या निपलमधून ग्रीस मारलेलं असतं, ते सुकून दगड होतं आणि स्लाईड वर्षानुवर्षं कोरडी घासते, म्हणून एकेक नळी काढून साफ करा आणि ६८ नंबरचं स्लाईडवे ऑइल पलीकडून निघताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय टेबल परत चढवू नका. लेव्हल आणि हेड टेबलला काटकोनात लावणं त्यानंतर, कटर सगळ्यात शेवटी.