दोन गोष्टींची तुलना: आधी हरणाऱ्याकडे बघा

तिसरी-चौथीच्या मुलांना दोन गोष्टींच्या आशयाची तुलना करायला सांगितली की ती दोन्ही गोष्टी परत पहिल्यापासून सांगत बसतात. त्यावर सोपा उपाय आहे.

१. ज्यांत घटना सारखी आहे अशी जोडी घ्या. इसापनीतीतली ससा-कासवाची शर्यत आणि गणपती-कार्तिकेयाची पृथ्वीप्रदक्षिणा. मुंबईतल्या मुलांना दोन्ही तोंडपाठ असतात, त्यामुळे वाचनात तास जात नाही.

२. फळ्यावर फक्त एक अर्धं वाक्य लिहा: ‘जिंकला, कारण…’ उत्तरात नाव आणायचं नाही. ‘थांबला नाही’ आणि ‘वेगळा विचार केला’ अशी उत्तरं येतात.

३. आता विचारा, हरणाऱ्याचं काय चुकलं? खरी तुलना इथेच होते. ससा झोपला, ही त्याची चूक. कार्तिकेय मात्र मोरावर बसून खरोखर पृथ्वीभोवती फिरून आला, त्याचं काय चुकलं? मुलं यावर भांडतात. भांडू द्या, घाईने उत्तर देऊ नका. एका गोष्टीत चिकाटी आहे, दुसरीत आईवडिलांनाच जग मानणं आहे, हे त्यांचं त्यांनाच सापडतं.

माटुंगा-धारावीच्या वर्गात तमिळ घरातलं एखादं मूल म्हणेल की शर्यत फळासाठी होती आणि रुसलेला मुरुगन (म्हणजे कार्तिकेयच) तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगरावर गेला. तेही फळ्यावर घ्या.

एक जपा: पुस्तकातली ‘तात्पर्य’ ही ओळ आधी झाकून ठेवा. ती दिसली की मुलं विचार थांबवून तीच उतरवून काढतात.